जागा रिक्त असेपर्यंत

टॅनर्स फोर्क, पेनसिल्व्हेनिया
बुधवार सकाळ, कॉफी दुसऱ्यांदा गरम केल्यावर

तीर्थरूप बर्नडीन आत्यास,

रेजिसचा टोपी काढून आणि मान खाली घालून नमस्कार. (मान खाली का, ते पुढे येईल.)

तुझा गुडघा कसा आहे? फ्लोरिडाच्या उन्हात तो आपोआप बरा होईल असं सांगून डॉक्टरने तुला तिकडे धाडलं, त्याला सहा वर्षं झाली. गुडघ्याला हे कुणी कळवलं आहे की नाही? शेजारीणबाई अजून तुझ्या झाडाची लिंबं नेतात का? इकडे सगळं ठीक आहे. बर्फ गेला, चिखल आला. फादर कॅसिमिर यांनी नवे दात बसवले. तेव्हापासून प्रवचनातलं एक अक्षर कळत नाही आणि रविवारची गर्दी वाढली आहे.

माझी प्रकृती उत्तम आहे. ऑड्रीचीही असावी. खात्रीने सांगता येत नाही, कारण गेले नऊ आठवडे त्या विषयावर तिने कोणतंही निवेदन केलेलं नाही.

आपले काँग्रेसमन ऑर्विल टॉलिव्हर जानेवारीत वारले, हे तुला कळलं असेल. वॉशिंग्टनला, भर सभागृहात, शेतीच्या विधेयकावर चर्चा चालू असताना. शेजारच्या सदस्याच्या लक्षात यायला दुपार झाली, कारण अठ्ठावीस वर्षं ते तसेच बसत. (इथल्या वर्तमानपत्राने लिहिलं की ते कामात असताना गेले. आयुष्यभर ज्यांनी त्यांना पाहिलं होतं त्यांना हे वाक्य दोनदा वाचावं लागलं.) त्यांच्या इथल्या कार्यालयात ऑड्री एकोणीस वर्षं आहे, हे तुला माहीत आहे. खाणीत खोकून खोकून परत आलेल्या माणसांचं काळ्या फुप्फुसाचं पेन्शन, विधवांचे अर्ज, सैन्यातल्या मुलांच्या रजा, हरवलेले पासपोर्ट, हे सगळं तीच बघते. टॉलिव्हर सही करत. शेवटची चार वर्षं तीही तिनेच केली, पण हे तिकडे क्लबात बोलू नकोस.

सदस्य मेला तरी कार्यालय मरत नाही, हे मला यंदा कळलं. अंत्यविधीनंतर वॉशिंग्टनहून एक बारीक माणूस आला. त्याने दारावरचं टॉलिव्हरांचं नाव काढलं, चार भोकं तशीच ठेवली आणि ऑड्रीच्या हातात एक परिपत्रक दिलं. त्यात लिहिलं होतं की जागा रिक्त असेपर्यंत कर्मचाऱ्यांनी चालू कामं करावीत, पण कोणत्याही विषयावर मत देऊ नये, कारण मत ज्याचं असायचं तो माणूसच नाही. पोटनिवडणूक होऊन नवा सदस्य शपथ घेईल त्या दिवशी सगळ्यांची नोकरी संपेल, आणि कुणाला ठेवायचं ते नवा ठरवेल. ऑड्री अठ्ठावन्न वर्षांची आहे. या वयात, या गावात, दुसरी नोकरी म्हणजे शाळेच्या खानावळीत जाळीची टोपी घालून मॅकरोनी वाढणं. तिने परिपत्रक दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "रेजिस, तू पक्षाचा प्रतिनिधी आहेस ना?"

मी प्रतिनिधी होतो. अकरा वर्षांपूर्वी पक्षाच्या बैठकीत डोनट आहेत असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मी आत डोकावलो होतो. बाहेर आलो तो निवडून आलेला. त्यानंतर त्या पदाला कधी काही काम पडलं नाही. पण पोटनिवडणुकीत घाई असते, म्हणून पक्षाचं तिकीट मतदार ठरवत नाहीत. चार काउंट्यांतले तेवीस प्रतिनिधी एका खोलीत बसून ठरवतात. आणि इथे आपल्या पक्षाने विजेचा खांब उभा केला तरी खांब निवडून येतो, हे तू जाणतेस. (टॉलिव्हरांच्या बाबतीत तसंच झालं होतं असं काहींचं मत आहे.) तेव्हा तीन आठवडे मी मोठा माणूस होतो. माणसं माझ्या अंगणातला बर्फ काढून गेली. मला 'मिस्टर झुब्रिक' म्हणाली. आपल्या घराण्यात हे याआधी फक्त न्यायाधीशांनी म्हटलेलं आहे.

इच्छुक दोन होते. एक काउंटी कमिशनर वेंडेल स्टॉफर. तो बोलायला लागला की उभ्या गायी बसतात. पण त्याने ऑड्रीला शब्द दिला होता की तुझी खुर्ची हलणार नाही. दुसरा गिल्बर्ट मॅकक्लेन. ट्रॅक्टर विकतो, डुकराच्या तंगड्यांना धुरी देऊन हॅम करतो, भेटेल त्याच्या पाठीवर थाप मारतो. त्याच्या मेहुणीने टायपिंगच्या क्लासात नाव घातलं होतं, तेही डिसेंबरात, म्हणजे टॉलिव्हर धडधाकट झोपत असताना. यातून काय समजायचं ते ऑड्री समजली. हिशेब सरळ होता. वेंडेलकडे बारा, गिल्बर्टकडे अकरा. त्या बारांतला शेवटचा मी.

त्या शनिवारी नाश्त्याला ती म्हणाली, "आज तुला एकच काम आहे. कागदावर नाव लिहायचं आणि बुटात टाकायचं. तेवढं जमेल?"

मी म्हटलं, "मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर मी बरोबर आले असते," ती म्हणाली.

सभा आपल्या अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये होती, कारण तो चारही काउंट्यांना सारखाच गैरसोयीचा आहे. मतपेटी म्हणून बूट. (तोच, दलातल्या एमिलकाकांच्या पायातला रबरी, जो घेऊन आपण चौकात मोटारवाल्यांसमोर वर्गणीला उभे राहतो.) आडनावांच्या क्रमाने नावं पुकारली. झुब्रिक म्हणजे सगळ्यांत शेवटी. बावीस जणांनी कागद टाकले. वेंडेलने खिशातून आभाराचं भाषण काढून मांडीवर ठेवलं होतं, आणि त्याची जाडी बघून त्याच्याच दोन माणसांचे चेहरे पडले होते. माझं नाव पुकारलं. मी 'वेंडेल स्टॉफर' असं लिहिलं, घडी घातली, उठलो. खुर्चीपासून बुटापर्यंत सात पावलं. चौथ्या पावलाला छपरावरचा सायरन वाजला.

आत्या, आता तूच सांग. सायरन वाजला की ताटावरून उठायचं, आंघोळीतून उठायचं, अशा घरात मी वाढलो. तुझ्याच घरात. माझ्या लग्नात मी वेदीपाशी उभा असताना तो वाजला, तेव्हा पहिल्या बाकावरून तूच ओरडलीस, "जा रे, नवरी कुठे पळत नाही, कोठार जळतंय!" अडतीस वर्षं हे पाय त्या आवाजावर चालतात. त्यांना पक्ष कळत नाही. माझं डोकं बुटाकडे निघालं होतं, पाय बंबाच्या गाडीकडे गेले. काही अंतर दोघं वेगवेगळे चालले असावेत. मग नेहमीप्रमाणे पाय जिंकले.

गाडीपाशी दलाचा चीफ स्टश टोपी शोधत होता. मला बघून तो म्हणाला, "तू इथे काय करतोयस? मत दिलंस?"

"खिशात आहे."

"खिशात? अरे गाढवा, आत जाऊन टाक की! अर्ध्या मिनिटाचं काम!"

"आणि क्लच कोण सोडणार? तुझी आजी?"

तो टोपीशिवायच गाडीत चढला. त्या गाडीचा क्लच माझ्याशिवाय कुणालाच सोडता येत नाही, हे तुला माहीत आहे. (आजीचं मी उगाच काढलं. ती भली बाई होती, आणि तिला तो बहुधा जमला असता.)

धूर टेकडीमागून येत होता. वळण घेतलं आणि दिसलं की जळतंय ते गिल्बर्ट मॅकक्लेनचं हॅमला धुरी द्यायचं घर. त्याच्या बायकोने, पर्लने, सकाळी चौदा हॅम आत टांगले होते. संध्याकाळच्या विजयाच्या पार्टीसाठी. विजय अजून व्हायचा होता, पण पर्लचं म्हणणं की हॅमला निकालाची वाट बघता येत नाही, त्याला आठ तास लागतातच. उत्साहात लाकूड जास्त घातलं. ती अंगणात झारी घेऊन उभी होती. मला बघून किंचाळली, "रेजिस! तू तर आत्ता वेंडेलला मत देत असायला हवास!"

"देऊन येतो," मी म्हटलं. "आधी ही नळी धर."

धुरीचं घर वाचलं नाही. गोठा वाचला, राहतं घर वाचलं, आणि चौदापैकी नऊ हॅम मी स्वतः दार तोडून बाहेर आणले. त्या वेळी मी पक्षाचा विचार करत नव्हतो. (करत होतो. पण हॅम हा हॅम असतो.) निघताना पर्ल रडत होती. तिने कृतज्ञतेने एक हॅम माझ्या काखेत दिला. तो घ्यायला नको होता, हे आता मला कळतं. तेव्हा नाही म्हणणं असभ्यपणाचं वाटलं.

इकडे हॉलमध्ये काय झालं ते मला नंतर कळलं. अकरा-अकरा. अध्यक्षांनी पंचवीस मिनिटं माझी वाट पाहिली. मग स्वयंपाकघरातल्या बायकांनी निरोप पाठवला की कोबी-नूडलची हलुस्की गार होते आहे आणि ती परत गरम होणार नाही, मग वॉशिंग्टनहून कुणी आला तरी. समसमान मतं पडली तर चिठ्ठी टाकावी, असा पक्षाचा नियम आहे. अध्यक्षांनी डोळे मिटून बुटात हात घातला आणि गिल्बर्टला बाहेर काढलं. मी धुरकट अंगाने आत शिरलो तेव्हा रांग लागली होती आणि लोक वाढून घेत होते. वेंडेल एकटाच बसून होता. भाषण मांडीवर, नजर माझ्या काखेवर.

गावाने त्या हॅमचं काय केलं असेल, तू कल्पना करू शकतेस. पशुखाद्याच्या दुकानात मी शिरलो की कुणीतरी विचारतंच, "काय रेजिस, मत हाडासकट दिलंस की बिनहाडाचं?"

घरी आलो तेव्हा ऑड्री दारात उभी होती. फोन माझ्याआधी पोहोचला होता. तिने हॅमकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "जागा रिक्त झाली आहे," आणि आत गेली.

तेव्हापासून आमच्या घरात ते परिपत्रक लागू आहे. मी गंमत करत नाही, तिने ते फ्रिजवर चुंबकाने लावलं आहे. चालू कामं होतात. जेवण वेळेवर असतं, कपडे धुतलेले असतात. मत मिळत नाही. मी विचारतो, सूप आज खारट झालंय का? उत्तर येतं, "या विषयावर कार्यालयाला भूमिका घेता येत नाही." विचारतो, तू माझ्यावर रागावली आहेस का? "आपला प्रश्न नोंदवला आहे." विचारतो, हा शर्ट बरा दिसतो का? "नवीन सदस्याकडे अर्ज करावा." मी खिशातला कागद दाखवला. वेंडेलचं नाव, माझ्या हस्ताक्षरात, घामाने जरा पसरलेलं, पण स्पष्ट. तिने चष्मा लावून तो वाचला आणि परत दिला. "दस्तऐवज मुदतीत दाखल झालेला नाही."

फादर कॅसिमिर समजूत घालायला आले. अर्धा तास बोलले. (नव्या दातांनी. कोणत्या बाजूने बोलले ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.) शेवटी ऑड्रीने त्यांना सांगितलं की म्हणणं लेखी, तीन प्रतींत द्यावं. त्यांनी काढता पाय घेतला.

मी गप्प बसलेलो नाही. ओसरी रंगवली. पन्हळी साफ केल्या. कपाटाचं दार, जे तू असतानाही लागत नव्हतं, ते आता लागतं. सध्या तळघराच्या भिंती घासून चुना देतोय. ती येते, बघते, वहीत काहीतरी टिपते आणि जाते. मंगळवारी गिल्बर्ट शपथ घेईल. त्या दिवशी ऑड्री आपली कॉफीची किटली आणि जिरेनियमची कुंडी खोक्यात घालून घरी येईल. ती काही बोलणार नाही, आणि मला मरेपर्यंत त्या किटलीसमोर बसून नाश्ता करावा लागेल. या विचाराने मला झोप येत नाही. एकोणीस वर्षं ती गावाच्या अडचणी सोडवत आली. गावाने तिला हजार कामं सांगितली, तिने मला एकच सांगितलं.

काल मतदान झालं. समोरच्या पक्षाने शाळेचा बँडमास्तर उभा केला होता. सज्जन माणूस. प्रचारात घरोघरी तो ट्रम्पेट वाजवायचा, आणि त्याची दहाएक मतं तरी त्यामुळेच गेली. मी पडद्याआड गेलो. मतपत्रिकेवर खाली एक कोरी ओळ असते, तुला आठवत असेल, छापलेलं कुणीच पसंत नसेल तर नाव लिहायला. मी बराच वेळ उभा राहिलो. बाहेरून स्टश ओरडला, "आत काय कादंबरी लिहितोयस?" मग मी त्या ओळीवर 'ऑड्री झुब्रिक' असं लिहिलं आणि या वेळी, कसलाही आवाज झाला तरी थांबायचं नाही असं ठरवून, सरळ जाऊन पेटीत टाकलं.

आज सकाळी हॉलच्या दारावर आपल्या टाउनशिपचा निकाल लावला आहे. गिल्बर्ट मॅकक्लेन दोनशे चौदा. बँडमास्तर अठ्ठ्याऐंशी. खाली हाताने लिहिलेली नावं: वेंडेल स्टॉफर एकतीस, स्टशचा कुत्रा ड्यूक चार, ऑड्री झुब्रिक दोन. दोन, आत्या. एक माझं. दुसरं कुणाचं? मी सगळ्यांची तोंडं बघून आलो. मला स्टशचा संशय आहे, पण स्टशने कुत्र्याला दिलं असणार, तो फार निष्ठावंत माणूस आहे.

बाकी क्षेम. शेजारीणबाईंना माझा नमस्कार सांग, लिंबं मोजून झाल्यावर.

तुझा आज्ञाधारक (तिथेच तर घोटाळा झाला),
रेजिस

ता. क. १. तू ऑड्रीला फोन करशील का? ती तुझं ऐकते. तिला सांग की मी तुझ्या शिकवणीप्रमाणे वागलो आणि दोष असलाच तर तुझा आहे. तू इतकी लांब आहेस की तुला काही फरक पडणार नाही.

ता. क. २. फोनने भागलं नाही, तर मंगळवारी सकाळची बस पकडून मी तुझ्याकडे यावं म्हणतो. फार दिवस नाही. उन्हाळाभर. तुझ्या कुंपणाला रंग हवा आहे असं तू तीन वर्षांपूर्वी लिहिलं होतंस. खरं म्हणजे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. बाकीचं आपोआप आलं.

ता. क. ३. अक्षर बदललं आहे ते माझं, आत्याबाई. मी ऑड्री. त्याने पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, तेही पाकीट न चिकटवता. एकोणीस वर्षं लोकांची पत्रं वाचणं हेच माझं काम आहे, याचा त्याने विचार करायला हवा होता. तुमचा गुडघा कसा आहे? मी खरंच विचारते आहे, पुढच्या विषयाला वाट म्हणून नाही.

आगीनंतरच्या सोमवारी सकाळी आठला गिल्बर्ट माझ्या कार्यालयात आला. भुवया अर्ध्या जळलेल्या, बरोबर मेहुणी. त्याला त्याच्या वडिलांच्या पेन्शनची फाइल हवी होती. मी म्हटलं, कपाटं उघडी आहेत, शोधा. दोघं अकरा वाजेपर्यंत शोधत होते. मी फाइली आडनावाने लावत नाही, खाणीच्या नावाने लावते. इथे निम्म्या गावाचं आडनाव एकच आहे, खाणी तरी वेगवेगळ्या होत्या. अकरा वाजता तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "ऑड्री, मी निवडून आलो तर तू कुठे जाऊ नकोस. तू गेलीस तर माझा बाप मला सापडणार नाही." मी म्हटलं, विचार करून सांगते. दुपारी हो म्हटलं. मेहुणीला टपालाचं टेबल देऊ. तिचं टायपिंग खरंच चांगलं आहे.

हे रेजिसला सांगू नका. तळघराच्या तीन भिंती झाल्या आहेत, चौथी बाकी आहे, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा तो कप धुऊन खुंटीला लावतो. त्याला बोलावू नका, कुंपण तसंच राहू द्या, आणि पुढचे पंधरा दिवस फोनही करू नका. कोठाराच्या दिवशी नवरी कुठे पळत नाही असं तुम्ही म्हणाला होता, ते मी वेदीपाशी उभी राहून ऐकलं होतं. तेव्हाचं थोडं येणंही यातच वसूल करून घेते आहे.

आणि ते दुसरं मत स्टशचं नाही, माझं आहे. काम इतकी वर्षं मीच केलं, म्हटलं एकदा मतही देऊन बघावं. पहिलं कुणाचं ते मला आत्ता, हे पत्र वाचून कळलं. चौथी भिंत कदाचित अर्धीच करून घेईन.

कुत्र्याला चार पडतील असं मात्र वाटलं नव्हतं.